भट्टीपाशी जैतूनभाभी

पिझ्झा भट्टीतून काढला की जैतूनभाभी त्याच्या बुडावर बोटानं दोनदा टकटक करायच्या आणि कान जवळ नेऊन ऐकायच्या. त्यांचं माहेर बेकरीवाल्यांचं. पाव भाजला की नाही, हे तिथं रंगावर नाही, आवाजावर ठरायचं. आवाज बद्द आला तर पिझ्झा परत आत जायचा. बाहेर कॉलेजची पोरं ओरडायची, "भाभी, तासाला उशीर व्हायलाय!" भाभी आतूनच म्हणायच्या, "कच्चं खाऊन वर्गात पोट धरून बसणार हायस काय? थांब की जरा!"

दुकान कॉलेजच्या मागच्या गल्लीत. सहा टेबलं, भिंतीला एक पंखा. दर पोरांना परवडेल असा, तरी एका पिझ्झ्यावर चौघं बसायची आणि आठ तुकडे मागायची. भाभी म्हणायच्या, "माणसं चार, तुकडं आठ आणि भूक बारा जणांची!" असं म्हणून कांदा-मका मूठभर जास्तच टाकायच्या.

मी कामाला लागले तेव्हा पिझ्झा कधी चाखलाही नव्हता. आधी एका खानावळीत भाकरी थापायचे, ती बंद पडली. भाभींसमोर मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी विचारलं, "काय येतंय तुला?" मी म्हटलं, "भाकरी." "मग झालं की," त्या म्हणाल्या, "ही बी भाकरीच हाय, नटून लग्नाला निघालेली."

मला लहानपणापासून माणसांची भीती वाटते. बाहेर पोरं मोठ्यानं हसली की वाटायचं, मलाच हसली. आत ओट्यापाशी मात्र बरं वाटायचं. तिथं भाभींचा नियम कडक होता. दोन ओटे, दोन पाट, पिझ्झा कापायचे दोन गोल चाकू. हिरव्या मुठीचा शाकाहारी, तो माझा. लाल मुठीचा चिकनचा, तो रेश्माचा. कुणी शंका काढली की भाभी ओट्यासमोरच्या खिडकीतून माझ्याकडे बोट करायच्या. "ती बघ सुमन, कोडोलीची. कापणार ती, चाकू तिचा. चिकन तिच्या ओट्याला शिवत न्हाय." गिऱ्हाईक निवांत व्हायचं. मी मात्र मान खाली घालायचे.

एकदा मी विचारलं, "भाभी, माझ्याकडं कशाला बोट करता?" त्या पीठ मळता मळता म्हणाल्या, "पाटीवर माझं नाव हाय. काही माणसं ते वाचून पायरीवरच थांबत्यात. तुला बघितलं की आत येत्यात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आज मीठ जरा जास्त झालंय, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

त्या शनिवारी रेश्मा बहिणीच्या लग्नाला गेली होती. परीक्षा संपलेली, सगळी टेबलं भरलेली. दोन्ही ओटे मीच बघत होते. मक्याचा एक पिझ्झा कापून मी खिडकीत ठेवला, तो बाहेर गेला. मग हातातल्या चाकूकडे लक्ष गेलं. मूठ लाल होती. पात्याला चिकनचं बारीक सूत चिकटलेलं होतं.

तो पिझ्झा अनुजाचा होता. नेसरीची पोर, कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी. दर शनिवारी यायची. घरात अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून दर वेळी चाकूचं विचारून घ्यायची. त्या दिवशी गावाकडचे काका तिच्याबरोबर होते.

मी चाकू पाठीमागं धरला. भट्टीपासून भाभींनी विचारलं, "काय झालं गं?"

मी म्हटलं, "काही नाही."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. कुणाला कळलं नसतं.

भाभी जवळ आल्या. माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "सुमन, काय झालं?" मी चाकू पुढं केला. भाभींचा चेहरा पांढरा पडला. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेतलं आणि दुखरा गुडघा ओढत बाहेर पळाल्या.

अनुजाच्या ताटलीवर त्यांनी हात आडवा धरला. "पोरी, खाऊ नगंस. चुकून चिकनचा चाकू लागलाय."

अनुजाचा एक घास खाऊन झाला होता. तिनं तोंडावर हात धरला. काका खुर्ची मागं सारून उठले. "खाल्ल्यावर सांगताय व्हय? एवढं विचारून घेतलं तरी? मुद्दाम करता काय तुम्ही लोक?"

शेजारच्या टेबलावरच्या एकानं मोबाईल वर धरला. असे व्हिडिओ नंतर कुठं कुठं जातात आणि दुकानांचं काय होतं, ते मी शेजारणीच्या मोबाईलवर पाहिलं होतं. भाभी म्हणाल्या, "माझ्या दुकानातली चूक हाय, माझीच हाय. माफ करा." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. खिडकीकडे वळूनही पाहिलं नाही.

मी बाहेर कशी गेले ते आठवत नाही. पिठाचे हात तसेच होते. मी म्हटलं, "भाभींनी नाही, मी कापला. चुकून माझ्या हातनं झालं." आवाज इतका बारीक आला की काकांनी वाकून विचारलं, "तू कोण?"

"मी सुमन. कोडोलीची."

त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. मग हळूच खाली बसले. "असं व्हय," ते म्हणाले. "बघून करावं की गं बाई." मोबाईल खाली गेला.

चूक तीच होती. फक्त ती माझी निघाली. भाभी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनीही हे पाहिलं.

दुकान रिकामं झाल्यावर भाभी मैद्याच्या पोत्यावर बसल्या. मी म्हटलं, "भाभी, मला काढून टाका." त्या म्हणाल्या, "येडी का काय? तू बाहेर आलीस म्हणून दुकान हाय. उद्यापासनं तुझा ओटा बाहेर. सगळ्यांच्या म्होरं कापायचं."

"मला भीती वाटते हो."

"मला बी वाटती. म्हणून तर तुला उभी करतोय."

आठवड्यात रंगारी आला. पाटीवर नुसतं 'पिझ्झा' एवढंच उरलं. भाभी भट्टीपाशी गेल्या त्या गेल्याच. पुढं चार वर्षं त्या बाहेर आल्या नाहीत. नवी पोरं यायची, ती मलाच मालकीणबाई म्हणायची. "मालकीण आत आहेत," एवढं साधं वाक्य; पण ते माझ्या तोंडातून कधी निघालं नाही. लाजेनं नाही, हे मला ठाऊक आहे. आतून भाभी ओरडायच्या, "अगं मालकीणबाई, ह्याचा आवाज बद्द येतोय, जरा दम धरा म्हणावं!" आणि स्वतःच हसायच्या.

गेल्या थंडीत भाभी गेल्या. तीन दिवस दुकान बंद होतं. चौथ्या दिवशी उघडलं, तर दोन मुली दारातच थांबल्या. एकीनं हळू आवाजात विचारलं, "काकू, भट्टीवर काम करायच्या त्या बाई वारल्या म्हणे?"

गल्लीत माणसं होती.

"कामाला मी आहे," मी म्हटलं. "दुकान त्यांचं होतं. जैतूनभाभींचं."