तारेवरची जागा

कबनूरच्या शाळेत शिवणकाम शिकवणाऱ्या कांबळेबाई. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पण तिच्यावर माझ्याआधी त्यांचा हक्क आहे. का, ते सांगायचं तर आधी त्या काठीबद्दल सांगावं लागेल.

कपडे वाळत घालायची बांबूची काठी. तिच्या टोकाला माझी बॉडी लोंबत होती. ब्रेसियरला आम्ही बॉडीच म्हणायचो. शहरात मी शिकायला राहत होते, त्या मंगळवार पेठेतल्या घराच्या अंगणात घरमालकीण आक्का काठी पुढं धरून उभ्या होत्या. सोप्यात पावणं चहा पीत बसलेले.

"ही कुणाची गं?"

घरात बायका तिघीच. आक्का, त्यांची मुलगी वैशाली आणि मी. आक्कांना चांगलं ठाऊक होतं.

"माझी."

"कपडं धुतीस म्हणून तार तुझी झाली व्हय? आमच्या कपड्यांत तुझं न्हाय वाळायचं."

त्यांनी काठी झटकली. बॉडी मोरीपाशी चिखलात पडली. पावण्यांतला एक जण हसला. मी ती उचलली, ओढणीखाली लपवली आणि आत गेले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. वडील कबनूरला दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला. हॉस्टेल परवडण्यासारखं नव्हतं. आक्कांनी मागची खोली दिली, बदल्यात घरादाराचे कपडे धुवायचे. मला सोडून परतताना वडील म्हणाले होते, "खोली टिकव. खोली गेली की कॉलेज गेलं."

आम्ही बौद्ध. आक्कांनी हे पहिल्या दिवशीच विचारून घेतलं होतं. माझा पेला वेगळा, मोरीतल्या कोनाड्यात. माठाला हात लावायचा नाही. पण त्यांच्या अंगावरून उतरलेल्या घामट बॉड्या माझ्या हाताला चालत होत्या.

त्या दिवसापासून माझी बॉडी खोलीत, दारामागच्या खिळ्यावर. खोलीला खिडकी नव्हती. माझ्याकडं दोनच. एक अंगावर, एक खिळ्यावर. रोज धुवायची आणि सकाळी हात लावावा तर ओलीच. तशीच घालायची. कॉलेजला पोचेपर्यंत कुडत्यावर डाग उमटायचे. छातीखाली लाल चट्टे उठले. खाजायचं. वर्गात वही छातीशी धरून बसायचे.

वैशाली माझ्याच वर्गात. एकदा तिनं मैत्रिणींना बाकावरून सरकवलं. आवाज मुद्दाम बारीक केला नाही. "लांब बसा गं. हिच्या अंगाला कुबट वास येतोय. कितीबी धुवू दे, जायाचा न्हाय तो."

मी घरी आले आणि अंग घासलं. घासलं. चट्ट्यांतून रक्त आलं. मला वाटलं, खरंच असेल. वास आपलाच असेल.

रविवारी कपड्यांचा ढीग पुढ्यात आला. त्यात वैशालीची बॉडी. तिच्या बॉड्या रविवारीच धुवायला पडायच्या. आठवडाभर घातलेली, काखेशी पिवळी, खालची पट्टी घामानं ताठ. साबण लावता लावता माझा हात थांबला.

मी रोज धुते. ही आठवड्यानं, तीही माझ्या हातून. हिची उन्हात वाळते आणि ही स्वच्छ. माझी अंधारात वाळते आणि मी घाण. वास माझा नव्हता. तो दारामागच्या खिळ्याचा होता. आधी उन्हातून हुसकायचं आणि मग वास येतो म्हणून नाक धरायचं. माझ्या आजीलाही असंच केलं असेल. तिच्या आईलाही.

मला कांबळेबाई आठवल्या. आठवीत त्यांनी मुलींना कोंडाळं करून बसवलं होतं आणि हातात बॉडी घेऊन सांगितलं होतं. "घामाच्या दिवसांत रोज धुवायची. हूक लावून धुवायची, न्हायतर दुसरी कापडं फाटत्यात. ब्रश मारायचा न्हाय. पिळायची न्हाय, दोन तळहातांत दाबायची. आणि उन्हात घालायची. उघड्यावर." एक मुलगी खुदकन हसली. बाई म्हणाल्या, "हसतीस काय? टॉवेल वाळतोय तशीच ती वाळती. चोरी केल्यागत कशाला लपवायची?"

मी सगळे कपडे धुतले. नेहमीसारखेच, नीट. माझी बॉडी धुतली, हूक लावला, तळहातांत दाबली. अंगणात गेले आणि काठीनं ती तारेच्या मधोमध घातली. एका बाजूला आक्कांची, दुसऱ्या बाजूला वैशालीची.

आक्का बाहेर आल्या.

"काढ ती."

"न्हाय काढत."

"काय म्हणालीस?"

"आक्का, वैशालीची बॉडी आठ दिवसांनी धुवायला येती. तिचा वास मी धुतला म्हणून कुणाला आला न्हाय. माझी मी रोज धुते. ती उन्हातच वाळंल."

वैशाली दारात होती. तिनं मान खाली घातली.

आक्कांनी काठीकडं हात नेला. काठी माझ्या हातात होती.

"मग खोली सोड," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

"वाळली की जाते."

मी पिशवी भरून आणली आणि तारेखाली बसले. खोली जाणार होती आणि खोलीबरोबर कॉलेजही. तरी बसले. ऊन चांगलं होतं. बॉडी वाळली. घडी करून पिशवीत ठेवली, काठी भिंतीला लावली आणि उचगावला वर्गातल्या सुनंदाच्या घरी गेले. संध्याकाळी बाईंना पत्र लिहिलं. ते असं:

कांबळेबाईंना सप्रेम जयभीम.

बॉडी उन्हात घातली म्हणून माझी खोली गेली. वडिलांना तुम्हीच सांगा, माझं धाडस होत नाही. पण कॉलेज गेलं, असं सांगू नका. ते मी जाऊ देणार नाही. सुनंदाची आई म्हणाली, राहा इथं. उचगावातून चालत जावं लागलं तरी जाईन. वर्गात वही छातीशी धरणार नाही. पुढच्या बाकावर बसेन, उठायचं असेल त्यांनी उठावं.

चट्टे अजून आहेत. उन्हानं जातील. आक्कांनी परत बोलावलं तरी जाणार नाही, माफी मागितली तरीही नाही.

सुनंदाच्या दारात तार नव्हती. आज मी बांधली. रस्त्याच्या बाजूला.