दीड तासावरची अक्का

चाकणच्या बाजारात कांद्याच्या भावावरून मी एका अडत्याला फैलावर घेत होते, तेव्हा नागपूरहून दाजींचा फोन आला. "मंगल, तुझी अक्का गेली…" मग म्हणाले, "तीन आठवडे अंथरुणावर होती. तिनंच कळवू दिलं नाही." हातातला कांदा कधी खाली ठेवला ते आठवत नाही. थोरली बहीण पडून होती आणि मला, दीड तासावरच्या सख्ख्या बहिणीला, कुणी सांगितलं नाही. तो राग अजून उतरलेला नाही.

पुणे ते नागपूर विमानाला दीड तासही लागत नाही. रस्त्यानं सातशेच्या वर किलोमीटर, आकाशातून शंभरेक कमी. कंपन्यांच्या कॅन्टीनची कामं घेऊन जरा उभी राहिले, तशी निगडीहून सुटणारी रात्रीची बस मी सोडली आणि विमानानं अक्काकडं जाऊ लागले. वरून सगळं हलकं वाटायचं. ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकत असायच्या, नद्या सुतासारख्या दिसायच्या, आणि वाटायचं, आम्हा दोघींच्या मधे आता काही उरलंच नाही…

अक्काला ते पटायचं नाही. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही आमच्या आईची रीत. अक्कानं ती नागपुरातही सोडली नाही. बसच्या दिवसांत मी परत निघाले की तिचं घर दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच. सासू बडबडायची, ही ढिम्म. पुढं मी लोहगावला उतरले की फोन करायचे, "उतरले गं, काढ केर."

"घरी पोचलीस व्हय?"

"अगं, विमान उतरलं!"

"विमान पोचलं, तू न्हाई. आता गर्दीत अडकशील, ड्रायव्हरवर खेकसशील. घरात पाय ठेव, मग सांग."

लोहगावहून चाकणला यायला कधीकधी विमानापेक्षा जास्त वेळ लागायचा. तेवढा वेळ नागपुरात एक बाई केरसुणीला हात न लावता बसलेली असायची. अडत्यांपासून कंपनीच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना मी नमवलं. हिच्याकडून पाच मिनिटं सोडवून घेता आली नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर तिच्या खोलीत मी दाजींना धारेवर धरलं. "विमानानं लगेच आले असते! का नाही सांगितलंत?"

ते रिकाम्या पलंगाच्या कडेला बसले. "मीही तेच म्हणालो. तर म्हणाली, 'ती येईल, पण परत निघाली की मी अशी पडलेली. कुणीतरी घर झाडून काढंल, आन् माझी बहीण वाटेत असंल.'"

तरी मी सोडलं नाही. "हा सौदा तिनं मला विचारून करायला हवा होता, दाजी. मी शंभर वेळा केर काढू दिला असता."

मी निघाले तेव्हा, वाती वळताना सांडलेले तिचे कापसाचे पुंजके पलंगाखाली पडलेले होते. दाजी दारात म्हणाले, "पोचलीस की कळव. तोवर ही खोली झाडत नाही."

याला आता काही आठवडे झाले. संध्याकाळी त्यांचा फोन येतो. "पोचलीस का गं?"

"नाही दाजी," घरात बसूनच मी सांगते, "मोशीच्या गर्दीत अडकलेय. पुढं काही सरकत नाही."

"असू दे," ते म्हणतात. "सावकाश जा."