दात घासायला मुंबईला

बाराव्या वर्षापासून मी मिश्री लावत होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. आमच्याकडं बायकांनी मिश्री लावणं हे व्यसनात धरतच नसत. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, सगळ्या वस्तीला ठसका लावायचा, मग पानं चुरून पूड करायची आणि सकाळी उठल्याउठल्या बोटानं दातांना चोळत बसायचं. माझी दाढ दुखत होती म्हणून आईनं एकदा हिरडीला चिमूटभर लावली. दाढ थांबली, मिश्री काही थांबली नाही. बारावी सायन्सला पचनसंस्थेची आकृती काढायची तेव्हाही माझ्या दप्तरात बामच्या रिकाम्या डबीत मिश्री असायची.

आमची वस्ती निरगुडसरच्या अलीकडं, चार घरांची. चारही घरच्या बायका सकाळी आमच्या गोठ्यामागं दगडांवर बसायच्या आणि एक बोट तोंडात घालून सगळे निर्णय घ्यायच्या. कांदा कुठल्या वावरात लावायचा, म्हैस ठेवायची का विकायची, कुणाची पोरगी कुठं द्यायची, सगळं तिथं. पुरुषांना ते नंतर अशा बेतानं सांगितलं जायचं की त्यांना वाटावं आपल्यालाच सुचलं. दादा, म्हणजे माझे वडील, त्या बैठकीला लोकसभा म्हणायचे, पण हळू आवाजात. बैठकीचा नियम एकच होता, कोरड्या बोटानं बसायचं नाही. पूर्वी कोण्या एका सुनेनं नुसतं बसून सगळं ऐकलं होतं आणि माहेरी जाऊन सांगितलं होतं, तेव्हापासून जिचं बोट कोरडं ती चुगलखोर.

बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात चुलतीची दाढ सुजली आणि मी तिला मंचरला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाई दाढ काढत होत्या आणि मी मान लांब करून बघत होते. कुणालाही किळस यावी असं ते दृश्य, पण मला लई म्हणजे लईच आवडलं. बाईंनी विचारलं, "चक्कर येत नाही का तुला?" मी म्हटलं, "नाय. मागची पण किडलीय ना त्यांची?" बाई हसल्या. डॉक्टर होण्याएवढे मार्क मला नव्हते, ते मी आपणहून सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मुंबईत एका कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स आहे. दातांची सफाई, हिरड्यांची काळजी, लोकांना दात सांभाळायला शिकवणं. त्याला डेंटल हायजिनिस्ट म्हणतात. जागा मोजक्याच, मुलाखत होते, आणि दवाखान्यात काम केल्याचा दाखला असला तर बरं.

"दाखला तुम्ही द्याल?" मी विचारलं.

"आ कर," बाई म्हणाल्या. मी आ केला. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाल्या, "मिश्री लावतेस."

"छे हो!"

"कधीपासून?"

"बारा वर्षाची असल्यापासून," मी म्हटलं. तोंड उघडं ठेवून खोटं बोलणं फार अवघड असतं.

मग बाईंनी अटी घातल्या. महिनाभर दुपारी दवाखान्यात येऊन मदत करायची. मिश्री बंद, दर सोमवारी दात दाखवायचे. आणि एका वहीत वीस माणसांची तोंडं लिहायची, कुठला दात आहे, कुठला नाही, कुठला किडलाय, कुठला हलतोय. एवढं केलं तर दाखला देईन आणि तुझे दात फुकट साफ करून देईन. तिथून फॉर्मच्या शेवटच्या तारखेला पाच आठवडे होते. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना!

मिश्री सोडल्याच्या पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी मी म्हशीशी भांडले. चौथ्या दिवसापर्यंत पोट साफ झालं नाही आणि मी टमरेल घेऊन इतक्या खेपा घातल्या की दादांनी विचारलं, "शेतात काय पुरलंय का गं?" मला रडू फुटलं. सोडवत नव्हती आणि सोडली तेही कुणाला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, मार्क पडले तशी शहाणी झाली, आता आपली मिश्री वास मारायला लागली तिला. म्हणून मी सकाळी बैठकीच्या वेळेला काहीतरी काम काढून सटकायला लागले.

तिथंच चुकलं. आठ दिवसांनी दादाच बोलून गेले की ओझरच्या बाजूचे पावणे दिवाळीनंतर येणार आहेत. कोण पावणे? चुलतीच्या नात्यातला मुलगा, द्राक्षबाग, नवा ट्रॅक्टर. मी नसताना लोकसभेत विषय निघाला होता, चर्चा झाली होती आणि जवळजवळ ठरलंही होतं. मी दादांना म्हटलं, मला मुंबईला जायचंय, फॉर्म भरायचाय. दादा म्हणाले, "आईला विचार." आईला विचारलं तर ती म्हणाली, "बघू." आमच्याकडं बघू म्हणजे गोठ्यामागं बघू. म्हणजे मला दगडावर बसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि बसायचं तर बोट काळं पाहिजे, आणि बोट काळं केलं तर सोमवारी बाई दाखला देणार नाहीत. इकडं आड, तिकडं विहीर.

मग मी डोकं चालवलं. रविवारी दवाखाना बंद, दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा बाजरीची शिळी भाकरी तव्यावर टाकली आणि कोळसा होईस्तोवर भाजली. पाट्यावर बारीक वाटली, कपड्यातून चाळली आणि डबीत भरली. थोडं मीठ घातलं, कारण नुसती फारच बेचव लागत होती. रंग असा झक्क जमला की मलाच मोह झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दगडावर जाऊन बसले आणि बोटभर करपलेली भाकरी दातांना चोळत माझा मुद्दा मांडला. चुलतीनं ऐकून घेतलं. मग बोट बाहेर काढून म्हणाली, "म्हंजे दात काढणार न्हाईस?"

"न्हाई."

"बसवणार?"

"न्हाई. ते डॉक्टर करतात. आपण साफ करायचे."

"दोन वर्सं मुंबईला ऱ्हाऊन दात घासायला शिकणार?" चुलती सगळ्यांकडं बघत म्हणाली. "आगं, आमी काय घासत न्हाई व्हय? दात कोरून कुठं पोट भरतं का?"

सगळ्या इतक्या हसल्या की शेजारची म्हातारी दगडावरून घसरली. आई हसली नाही. ती खाली बघून चोळत राहिली. मी अंगाचा तिळपापड होऊन घरात आले आणि भाकरीनं खरखरीत झालेलं तोंड तीन वेळा धुतलं. पण विषय संपला नव्हता, एवढं मात्र झालं होतं. जोवर मी बसत होते तोवर पावण्यांना होकार जात नव्हता. म्हणून मी रोज बसायला लागले. दहा-बारा दिवस मी करपलेली भाकरी खाल्ली म्हणा ना. सोमवारी बाई बघायच्या आणि म्हणायच्या, "छान! पण हे काळं काळं काय अडकलंय?" मी म्हणायचे, "न्याहारी."

एका सकाळी म्हातारीची डबी संपली. एकीची संपली की दुसरीनं चिमूट द्यायची, ही तिथली जुनी रीत. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर मारल्यासारखं. आणि म्हातारी बसली होती नेमकी माझ्या शेजारी. तिनं हात पुढं केला. मी म्हटलं, "माझी जरा जुनी हाय." ती म्हणाली, "मी काय नवी हाय व्हय? दे." तिनं बोट बुडवलं, तोंडात घातलं, चोळलं, थांबली, जिभेनं चाचपलं.

"आगं, ही तर भाकरी!" म्हातारी म्हणाली.

चुलतीनं डबी ओढून घेतली आणि चाखली. "बाजरीची. मीठ बी हाय."

"वर लोणी दिलं असतंस तर न्याहारी झाली असती माझी," म्हातारी म्हणाली.

मग जो गोंधळ उडाला तो काही विचारू नका. अन्नाचा कोळसा केला म्हणून एक ओरडली, आमच्यात बसून आमालाच बनवलं म्हणून दुसरी ओरडली. आई एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं व्हतंस." त्या एका वाक्यानं मला सगळ्यांत जास्त लाज वाटली. मी उभी राहून सगळं घडाघडा सांगितलं. मिश्री सोडलीय, डॉक्टरबाईंना तसा शब्द दिलाय, मिश्रीनं हिरड्या दात सोडतात, तोंडात जखमा होतात, दात खिळखिळे होतात.

"कुणाचे?" चुलती पदर खोचून म्हणाली. "माझ्या दाताला काय झालंय? वीस वर्सं लावतीय! घे, बघ!" आणि तिनं वाघिणीसारखा जबडा उघडला.

मी पळत जाऊन बॅटरी आणि स्वयंपाकघरातला चमचा आणला. चमचा गरम पाण्यातून काढला, चुलतीचा गाल बाजूला केला आणि मोजले. "सत्तावीस, काकी. आणि हा खालचा पटाशीचा हलतोय."

"हट्! हलतोय म्हनं!" तिनं स्वतः बोट लावून बघितलं. मग पदर तोंडाला लावून मागं सरकली.

ते बघून म्हातारीला चेव आला. "माझे मोज." मी मोजले. सात. "मागल्या सालाला आठ व्हते," म्हातारी म्हणाली आणि आमच्या सगळ्यांकडं एकेक करून संशयानं बघायला लागली. मग रांगच लागली. जिचे जास्त ती मान वर करून जायची, जिचे कमी ती म्हणायची परत मोज, नीट मोजले नाहीस. दुपारी पुरुषांना वास लागला आणि तेही यायला लागले. दादांचे पुरे बत्तीस निघाले. ते दिवसभर विनाकारण हसत फिरले, आणि संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेले तिथंही सांगून आले. तीन दिवसांत वहीत एकोणीस तोंडं झाली.

चौथ्या दिवशी चुलती एकटीच आली आणि हळूच म्हणाली, "ते शिकून आलीस म्हंजे हा हालायचा थांबंल का?" मी म्हटलं, हा थांबेल का ते माहीत नाही, पण बाकीचे वाचतील. ती म्हणाली, "मग पावण्यांना मी काय ते सांगते. पण तुझी आई म्हणंल तसं."

आई मात्र काहीच म्हणत नव्हती. बैठकीत विषय निघाला की बघू, घरात विचारलं की बघू. वहीही पुरी होऊ देईना. "आई, विसावं तोंड तुझं," असं मी रोज म्हणायचे आणि ती रोज म्हणायची, "मला येळ नाय." शेवटची तारीख पाच दिवसांवर आली. मला तिचा इतका राग आला होता की मी जेवताना तिच्याकडं पाठ करून बसायचे. आपलीच आई आपल्या आड येते, असं माझ्या मनानं पक्कं धरलं होतं.

फॉर्म वेळेत गेला, मुलाखत झाली, नंबर लागला, मी मुंबईला गेले, ते सगळं पुढं झालं. पण माझ्यापुरतं ते ठरलं त्या पाच दिवसांतल्या एका सकाळी, नऊच्या सुमारास, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर. भाकऱ्या उरकून आई बाहेर आली, हाताचं पीठ पुसलं, उन्हाकडं तोंड करून बसली आणि म्हणाली, "आण तुझी बॅटरी."

मी अजून घुश्शातच होते. चमचा जरा जोरातच लावला. आणि आत बघितलं तर मागं काहीच नव्हतं. डावीकडच्या दाढा नव्हत्या, उजवीकडं दोन उरल्या होत्या, त्यांचेही नुसते खुंट. हिरडी लाल आणि सुजलेली. पुढचे दात तेवढे रांगेत उभे होते, म्हणून बाहेरून कुणाला कळत नव्हतं. माझी आई तेव्हा चाळिशीचीही नव्हती. ती भाकरी नेहमी आमटीत कुस्करून खायची आणि आम्ही पोरं म्हणायचो, आईला आपलं कुस्करलेलंच आवडतं.

"दुखतं?" मी विचारलं.

चमचा तोंडात असल्यानं तिनं नुसती मान हलवली. मी चमचा काढला.

"मिश्री लावली की दोन घटका थांबतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू बालवाडीत व्हतीस."

"मग सांगितलं का नाय कुणाला? दादांना, काकीला, मला?"

"काय सांगायचं? बाईच्या तोंडात कोण बघतंय?" ती सहज म्हणाली, पावसापाण्याचं बोलावं तसं. "तू बघतीस. तर शिक जाऊन. पावण्यांना नाय म्हणून कळवलंय मी कालच. आता लिही सगळं, काय राह्यलं असंल तर बघून घे." आणि तिनं परत आ केला.

मी वही उघडली. वरची डावी पहिली दाढ, नाही. दुसरी, नाही. तिसरी, नाही. चौथ्या ओळीला मला दिसेनासं झालं आणि मी वहीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागले. किती वेळ रडले कोण जाणे. मान वर केली तर आई तशीच बसली होती, उन्हात, तोंड पूर्ण उघडं ठेवून. तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि उघड्या तोंडानंच जमेल तसं विचारलं,

"आगं, मिटू का आता? जबडा दुखाया लागलाय."