न पेटवलेल्या चाळीस डब्या

आमच्याकडे डबीतली सुगंधी मेणबत्ती पेटवण्यासाठी विकत घेत नाहीत, हे कळायला मला दोन वर्षं लागली. डबी उघडतात, नाकाला लावतात, वास आवडला की शोकेसमध्ये ठेवून देतात. पेटवली तर संपेल ना! म्हणजे जो काही वास द्यायचा तो तिनं थंड असतानाच द्यायला हवा, आणि माझ्या डब्या नेमक्या तिथंच कमी पडत होत्या. पेटवल्यावर अर्ध्या तासात खोली मोगऱ्यानं भरायची. पण अर्धा तास थांबतंय कोण?

नवरा गेल्यावर सांगलीतल्या दोन खोल्यांत मी हा उद्योग सुरू केला. लोकांना वाटलं, मन रमवायला. मन काही रमत नव्हतं, पण हात गुंतलेले राहायचे.

पहिली मोठी ऑर्डर वरच्या मजल्यावरच्या काकूंची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून चाळीस डब्या. आदल्या दिवशी मेण ओतलं, सकाळी झाकणं लावून डब्या वर पोचवल्या. संध्याकाळी काकूंच्या दाराशी चपलांचा ढीग पडला. मला बोलावणं नव्हतं. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, हे काकूंना सांगावं लागलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. डब्या वर गेल्या, मी खाली राहिले.

दुसऱ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "अगं, वासच न्हाई गं लागला कुणाला. एकजण म्हणाली, कोल्ड क्रीम हाय का काय. पुढल्या वर्षी आपल्या स्टीलच्या वाट्याच बऱ्या."

मला राग आला. वाट्यांचा नाही. माझ्या कामाचा निकाल माझ्या डोक्यावरच्या खोलीत लागला आणि मला तो जिन्यात ऐकावा लागला, याचा. काकूंशी मात्र मी गोडच बोलले. त्याच घरात राहायचं होतं.

मग मी हट्टाला पेटले. आधी सुगंधी तेल दुप्पट घातलं. मेणानं ते पोटात घेतलंच नाही; रश्श्यावर तर्री यावी तसे थेंब वर येऊन बसले. मग वाटलं, मेण जास्त तापवलं तर तेल नीट मिसळेल. कडकडीत मेणात तेल ओतलं आणि सगळा जिना घमघमला. शेजारचे कौतुक करून गेले. डबी गार झाल्यावर उघडली तर तिच्यात नावाला वास. सगळा जिन्याला वाटून झाला होता. पुढे थर्मामीटर आणला, मेण जरा निवल्यावर तेल घालून शांतपणे ढवळायला शिकले. फरक पडला, पण मनासारखा नाही. शिवाय मला धीर नव्हता. रोज सकाळी उठून प्रत्येक डबीचं झाकण काढायचं, वास घ्यायचा आणि चिडायचं, असा नेमच झाला होता.

भाऊबीजेला साताऱ्याला भावाकडे गेले. चार दिवस तेलाची एकही बाटली उघडली नव्हती, त्यामुळे नाक ताजं होतं. निघताना मला साडी द्यायला वहिनीनं कपाट उघडलं आणि मोगरा आला. साड्यांच्या घडीत पत्र्याची डबी होती. उलटी करून पाहिली, तळाला माझ्याच अक्षरातली चिठ्ठी.

"ही तुझ्याकडे कशी?"

वहिनी ओशाळली. "आवं वन्सं, वाणात आली. शेजारणीनं दिली. तिला सांगलीच्या भाचीकडनं आलेली. तुमची हाय, ते कुठं ठावं होतं मला? मीबी पुढं कुणाला तरी देणारच होते."

म्हणजे काकूंच्या चाळिसातलीच ती. कोल्ड क्रीम म्हणून नाकारलेली. तीन घरं फिरली, पण झाकण कुणी उघडं ठेवलं नाही की वात कुणी पेटवली नाही. मी झाकण काढलं आणि अख्ख्या खोलीत वास पसरला. वहिनी मान हलवत म्हणाली, "चांगलं मुरलंय की."

दरवर्षी लोणचं घालणारी बाई मी. बरणी रोज उघडायची नसते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. स्वतःचीच लाज वाटली.

सांगलीला परतल्यावर लगेच डब्या ओतल्या. झाकणं घट्ट लावून पलंगाखाली सरकवल्या आणि महिनाभर हात लावला नाही. मग एक डबी घेऊन वर गेले. काकूंनी ती उघडली.

"अगं बाई! लय घमघमतंय की! चाळीस दे मला."

"देते. पण वाटायला मी येणार."

काकू डबीच्या झाकणाशी चाळा करत राहिल्या. मी म्हटलं, "गेल्या वर्षी कुणी काय म्हटलं ते मला जिन्यात कळलं. यंदा समोर बघायचंय." हे कारण खरं होतं. पण एवढंच कारण होतं असं म्हटलं तर ती थाप होईल. मला त्या खोलीत बसायचं होतं.

"ये," काकू म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

संक्रांतीला मी दाराजवळ पिशवी घेऊन बसले. काकू हळदीकुंकवाची कोयरी घेऊन एकेकीपुढे वाकत होत्या, त्यांच्यामागून मी डबी देत होते. ओळ संपली तेव्हा पिशवीत एक डबी उरली. काकूंनी ती काढून माझ्या हातात ठेवली. मग बोट कोयरीत बुडवलं आणि ते तसंच हवेत थांबलं.

आता सगळ्या बघत असणार, म्हणून मी खोलीभर नजर फिरवली. कुणाचं लक्षच नव्हतं. एकीचं नाक डबीत होतं, दुसरी आपली डबी शेजारणीच्या नाकाखाली धरून हा मोगरा की जाई यावर वाद घालत होती. काकूंनी मला हळद लावली, मग कुंकू लावलं.

खाली येऊन मी रडले. बरं वाटलं म्हणून रडले.

वाणातली वस्तू आपल्याकडे सहसा पुढं देतात. ती डबी माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत आहे, झाकण न उघडलेली. ती मी कुणाला देणार नाही.