दरवाजाचं वजन

स्प्रिंग तुटली तेव्हा मी गाडी पुसत होतो. सकाळचे आठ वाजले असतील. डोक्याशी टायर फुटावा तसा आवाज झाला आणि मी फडक्यासकट खाली बसलो. चारही टायर बघितले, ठीक होते. वरून अक्कांची हाक आली, "अरे, काय पडलं रे?"

"बघतो अक्का," म्हणालो आणि फडकं झटकून उठलो.

राजाजीनगरातल्या या घरात मी ड्रायव्हर, माळी, वॉचमन असं सगळंच आहे. अक्का एकट्या राहतात. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूचं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. मी जतकडचा. आठवीतून शाळा सोडली, चार ठिकाणी हमाली केली आणि इथं आलो तेव्हा अक्कांनी ओळखपाळख नसताना गाडीची किल्ली हातात दिली. गॅरेजला लागून असलेली खोलीही दिली. म्हणजे माझी नोकरी आणि माझं घर एकाच दरवाजाच्या आत आहे. यातलं एक गेलं की दुसरंही गेलं, हे मला रोज झोपताना आठवतं.

तो दरवाजा अक्कांच्या अमेरिकेतल्या मुलाने, दादांनी, बसवलेला. पत्र्याच्या चार आडव्या फळ्या. बटण दाबलं की रुळावरून वर जातात आणि छताखाली आडव्या होतात. वरच्या दांड्यावर मनगटाएवढी जाड स्प्रिंग. दरवाजावर आतून इंग्रजी स्टिकर आहे, त्यावर लाल रेघ मारलेला हात. जाताना दादा मला म्हणाले होते, "याला काहीही करायचं नाही. काही झालं तर मला फोन करायचा."

आणि मी केलं होतं. पत्रा उघडताना-मिटताना फार खडखडायचा, अक्का दुपारच्या झोपेतून दचकायच्या. त्या तीन महिने मुलाकडे गेल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या कामातलं उरलेलं प्लाय मी कापलं, चारही फळ्यांच्या आतल्या खोबणीत चिकटवलं आणि वरून पांढरा रंग दिला. कुणाला कळू नये इतकं बेमालूम. परत आल्यावर अक्का म्हणाल्या, "दरवाजा शांत झालाय की रे!" मी नुसतं हसलो. दादांची मनाई मोडली होती, म्हणून बोललो नाही. अक्कांसाठी काहीतरी केलं याचा आनंद मात्र बरेच दिवस पुरला.

आता स्टुलावर चढून बघितलं तर स्प्रिंगचे दोन तुकडे झालेले, मध्ये दोन बोटांची फट. बटण दाबलं. मोटर घुरघुरली, दरवाजा चार बोटं उचलला गेला आणि परत खाली बसला.

अक्का खाली आल्या. त्यांना दहा वाजता डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं आणि गाडी आत अडकलेली.

"दोघं मिळून स्वल्प उचलू की. तू त्या बाजूने धर."

"नको अक्का. सुटला तर पायावर येईल."

"मी काय म्हातारी झालेय?"

"तुम्ही नाही, दरवाजा झालाय," म्हणालो. त्या हसल्या, रिक्षा बोलवायला सांगितली. रिक्षात मी ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसलो होतो आणि डोक्यात एकच चालू होतं: प्लायमुळे तुटली का? पण प्लाय दरवाजावर, स्प्रिंग वर दांड्यावर. दोघांचा संबंध काय?

हा प्रश्न मला सोडेना. दवाखान्यातून आल्यावर पुन्हा स्टूल घेतलं. इतके दिवस मला वाटायचं, दरवाजा मोटर उचलते. मग मोटर चालू असूनही तो हलत का नाही? स्प्रिंगच्या टोकाला लोखंडी बूच होतं आणि त्याला चारी बाजूंनी भोकं. भोकं दिसली की माझा हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. घातलाही असता. पण त्या लाल हाताकडे लक्ष गेलं आणि आधी असे दरवाजे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना फोन लावला. कोपऱ्यावरच्या शटरच्या दुकानातून त्यांचा नंबर मिळाला होता.

"दार खाली आहे ना?" त्यांनी हिंदीत विचारलं. "मग खालीच राहू दे, गुरू. मोटरचा प्लग काढ. मोटरला लटकलेली लाल दोरी ओढू नको, दार मोटरपासून सुटतं. भोकात काही घालू नको."

"भोकात काय असतं, अण्णा?"

"माझी दोन बोटं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते के. आर. पुरमहून बस बदलत आले. साठीचे असतील. मी आधी हाताकडेच बघितलं. दहाही बोटं जागेवर होती.

"सगळे आधी मोजतात," ते म्हणाले. "माझी आहेत. ज्याच्याकडे शिकलो त्याची गेली. खरं सांगितलं तर लोक ऐकत नाहीत, म्हणून माझी सांगतो."

अक्कांना त्यांनी पायरीवर बसवलं आणि तिथून उठायचं नाही असं बजावलं. मला मात्र जवळ उभं राहू दिलं, कारण मी प्रश्न थांबवत नव्हतो. दरवाजा कोण उचलतं? स्प्रिंग. मग मोटर? ती नुसती ढकलते, लहान मूलही ढकलेल. दरवाजा खाली येतो तेव्हा स्प्रिंग पिळली जाते. वर जाताना तो पीळ सुटतो आणि वजन पेलतो. नवी बसवताना तो पीळ हातांनी भरावा लागतो. त्यासाठी दोन सारख्या लोखंडी सळया. एक भोकात रोवलेली असल्याशिवाय दुसरी काढायची नाही. आणि तोंड कधी समोर आणायचं नाही, बाजूला उभं राहायचं.

त्यांनी तुटलेल्या स्प्रिंगच्या वीस वेढ्यांची लांबी टेपने मोजली, वहीत लिहिली. "अशीच दुसरी आणतो."

"अण्णा, प्रत्येक दरवाजाला वेगळी असते का?"

"वजनाप्रमाणे. जेवढं वजन तेवढी स्प्रिंग." त्यांनी स्टिकरवर बोट ठेवलं. "बासष्ट किलो. इथं लिहिलंय."

म्हणजे संबंध होता. बासष्ट किलोची स्प्रिंग माझं प्लायही उचलत होती, आणि एक दिवस थकली.

"जुनी झाली होती," मिस्त्री वही मिटत म्हणाले. "सगळ्याच तुटतात कधी ना कधी."

इथं गप्प बसलो असतो तर संपलं होतं. पण तीच स्प्रिंग पुन्हा आली असती, पुन्हा थकली असती. आणि अक्कांना सवय, बटण दाबून दरवाजा पुरता वर जायच्या आत खालून निघायची.

"बासष्ट नाहीये," मी म्हणालो. "आत प्लाय आहे. मी लावलंय. अक्कांना माहीत नाही."

मिस्त्रींनी फळीवर बोटाने टकटक केलं. एकदा खालच्या, एकदा वरच्या. "अरे! आणि मी म्हणतोय, पत्रा इतका गप्प कसा?" मग पायरीकडे वळून, "अक्का, वजनकाटा आहे का घरात?"

काट्यावर कोण कधी उभं राहतं माहीत नाही, पण तो होता. पहारीने दरवाजा थोडा उचलून मिस्त्रींनी दोन्ही कडांना विटा सरकवल्या, मधोमध काटा आणि त्यावर लाकडी ठोकळा ठेवला, मग विटा काढल्या. काटा एक्क्याऐंशीवर थांबला.

"खाऊन-पिऊन सुखी आहे," मिस्त्री म्हणाले.

अक्का हसल्या नाहीत. "मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही दादांना विचारलं असतं. ते नको म्हणाले असते."

"म्हणाला असता. आणि मी ऐकलं असतं. पुढच्या वेळी तरीही विचार. नको म्हटलं तर भांड माझ्याशी. पण गुपचूप नको."

"हो अक्का."

"प्लाय काढू की जड स्प्रिंग आणू?" मिस्त्रींनी विचारलं.

माझ्या मते काढायलाच हवं होतं. अक्का दरवाजाकडे बघत होत्या. "राहू दे. मला झोप लागतेय त्याच्यामुळे. जडच आणा. आणि दादाला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

संध्याकाळी व्हिडिओवर सांगितलं. मी शब्द जुळवून ठेवले होते, पण दादांनी तिसऱ्याच वाक्याला थांबवलं. "प्लाय किती जाडीचं? खिळे मारलेस की चिकटवलंस?" मग दाखव म्हणाले, जवळून दाखव. रागावलेही, पण ते सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता.

नवी स्प्रिंग तीन दिवसांनी बसली. मिस्त्रींनी पीळ भरला तेव्हा मी पायरीवर अक्कांशेजारी बसून वेढे मोजले. जाताना त्यांनी खिशातला मार्कर मला दिला. "उद्या मी नसेन, तू नसशील. तिसरा कुणी येईल तो स्टिकर वाचेल."

"मला इंग्रजी येत नाही, अण्णा."

"किलो सगळ्यांना कळतं."

त्या लाल हाताच्या खाली मी लिहिलं: ८१ किलो, प्लायसकट. मग अक्कांनी मार्कर घेतला आणि त्याखाली तेच कन्नडमध्ये लिहिलं.