मुलींच्या राहुट्या

आमच्या संस्थेच्या त्या सेक्रेटरींचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. आवाज मात्र आठवतो, आणि आठवला की आजही कानशिलं तापतात.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते. वय सव्वीस, नोकरी अजून कायम व्हायची होती. संस्थेच्या दोन शाळा होत्या, एक मुलांची आणि एक आमची. मुलांचं शिबिर दरवर्षी कुठंतरी जायचं, मुलींचं कधीच नाही. दोन वर्षं मी मागे लागले तेव्हा कुठं गावाबाहेरच्या तलावाकाठी चार दिवसांचं शिबिर मंजूर झालं. राहुट्या मी निवडायच्या असं ठरलं. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. त्यात वेळ घालवायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

मला राहुटीतलं काही कळत नव्हतं. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर ताडपत्र्या आणि राहुट्या शिवायचे. घरात तेलुगू बोलायचे, गिऱ्हाइकाशी आपलं सोलापुरी मराठी. पहिल्या दिवशी मी एका हिरव्यागार राहुटीवर हात फिरवत उभी राहिले, तर ते मशीन थांबवून म्हणाले, "रंग काय बघायलात बाई? शिवण बघा."

त्यांनी ते कापड उन्हात धरलं. टाक्यांच्या भोकांतून उजेडाचे ठिपके दिसले.

"हितनं ऊन येतंय, म्हणजे पाणी पण येणार की. आणि जागा कसली हाय? मुरूम का काळं रान?"

"काळं रान. त्यानं काय फरक पडतो?"

"लई पडतो. काळ्या रानाला भेगा असत्यात. आखूड मेख मारली तर वाऱ्यानं उपटून येतीय."

मी तीन शनिवार त्यांच्याकडे गेले. त्यांनी एका कापडावर कळशीभर पाणी ओतून मला खाली हात धरायला लावला. पाणी झिरपतं ते कापड कुठलं आणि तोलतं ते कुठलं, हे मी तिथं हातानं शिकले. शेवटी चार राहुट्या ठरल्या. जाड कापड, दुहेरी शिवण, हातभर लांब लोखंडी मेखा. चारी बाजूंनी जमिनीला टेकणारी कनात, म्हणजे कापडाची भिंतच. दाराला आतून बांधायच्या नाड्या मी मुद्दाम शिवून घेतल्या. एकेकीत आठ मुली, म्हणजे बत्तीस जणींची सोय झाली.

मग मी घरोघर फिरले. एका मुलीचे वडील गिरणीत कामाला होते. पहिल्या पाळीहून नुकतेच आले होते, केसांत कापूस अडकलेला. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"बाई, पोरगी झोपणार कुटं, तेवढं सांगा. बाकी मला काय विचारायचं न्हाय."

"राहुटीत. मी स्वतः निवडल्यात. दार आतून बांधता येतं, आणि मी मुलींबरोबरच झोपणार आहे."

त्यांनी केसांतला कापूस झटकला. मग म्हणाले, "तुमी सांगताय म्हणून पाठवतो."

असे बत्तीस आईबाप. प्रत्येकाला मी हाच शब्द दिला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दुपारी आम्ही तलावाकाठी पोचलो. आम्हाला सोडून बस परत गेली. शाळेच्या शिपायांनी सकाळीच येऊन माझ्या चारही राहुट्या सुरेख ताणून उभ्या केल्या होत्या. मी जवळ गेले. प्रत्येकीच्या दारावर कागद चिकटवलेला होता. 'प्रमुख पाहुणे'. 'व्यवस्थापक'. 'कार्यालय'. 'साहित्य'.

पलीकडे, गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, लग्नाचा मांडव होता. वर लाल-पिवळं पातळ कापड, तीन बाजू सताड उघड्या. मुलींनी तिथं झोपायचं होतं. रस्त्यावर दोन बैलगाड्या थांबल्या होत्या आणि गाडीवाले आमच्याकडे टक लावून बघत होते.

सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले होते, शेजारी मुलांच्या शाळेचा ड्रिलमास्तर. मी म्हटलं, "साहेब, या राहुट्या मुलींसाठी आणल्यात."

"अहो बाई, मुलींना काय, सगळ्याजणी मांडवात एकत्र राहतील. तुम्हालाही लक्ष ठेवायला सोपं. पाहुण्यांना उघड्यावर बसवायचं का?"

माझ्यामागे गिरणी कामगाराची ती मुलगी उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, ह्याला भिंती न्हाईत. कपडे कुटं बदलायचे?"

मला वाटलं, निदान हे ऐकून तरी हा माणूस शरमेल. ते हसले. म्हणाले, "पहाटे लवकर उठायचं, अंधार असतो."

तेराचौदा वर्षांच्या मुलीला हे उत्तर. तेही हसून, शेजारच्या ड्रिलमास्तरकडे बघत. आणि तो मास्तरही हसला.

बोलले असते तर रडू आलं असतं, आणि ते मला त्यांच्यासमोर नको होतं. मी 'साहित्य' लिहिलेल्या राहुटीत गेले, कांद्याचं पोतं धरलं आणि फरफटत बाहेर काढलं. ती मुलगी न सांगता पोत्याच्या दुसऱ्या टोकाला आली. मग आणखी दोघी. मग सगळ्याच.

"बाई! हे काय चाललंय?" सेक्रेटरी उठून उभे राहिले.

"कांदे मांडवात ठेवतोय. कांद्यांना कपडे बदलायचे नसतात."

ज्वारीच्या पिठाची पोती, पातेली, कार्यालयाचं टेबल, सगळं आम्ही उन्हात वाहून मांडवात नेलं. पाहुण्यांसाठी खाट घातली होती, वर पांढरी चादर. ती खाट मी आणि तीन मुलींनी उचलली. सेक्रेटरी वाटेत आडवे आले.

"तुमची नोकरी अजून कायम नाही, ध्यानात आहे ना?"

"आहे. बाजूला व्हा, खाट जड आहे."

ते बाजूला झाले. चारही कागद मी फाडले. तासाभरात बत्तीस वळकट्या राहुट्यांत लागल्या. मुली नाड्या बांधून आणि सोडून बघत होत्या.

सेक्रेटरी संध्याकाळीच जीपमधून घरी निघून गेले. ते तिथं राहणार नव्हतेच! पाहुणे तिसऱ्या दिवशी आले, तासभर मांडवात बसले, मुलींच्या धाडसावर भाषण केलं, चहा घेतला आणि गेले. राहुटीत कुणी पाऊलसुद्धा ठेवलं नाही. कुणालाच नको असलेल्या जागेसाठी हा माणूस बत्तीस मुलींना रस्त्याकडेला उघड्यावर झोपवायला निघाला होता. हे कळल्यावर मला जो संताप आला, तो पहिल्या दिवसापेक्षाही मोठा होता.

परत आल्यावर मला मेमो मिळाला. शिस्तभंग, वरिष्ठांचा अवमान. पुढच्या वर्षापासून मुलींचं शिबिर बंद, असाही ठराव झाला. आमच्या मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. त्यांनी मला खोलीत बोलावलं, कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "माफी लिहून दे गं. विषय संपव. घरी तुझ्या पगारावर चारजणं आहेत."

"माझं काय चुकलं, मोठ्या बाई?"

"काही नाही. तरी लिही. 'अनवधानाने' असा शब्द घाल, म्हणजे तुझ्याकडे फार दोष येत नाही."

मी लिहिलं. माझ्याकडून अनवधानाने जे वर्तन घडले त्याबद्दल दिलगीर आहे. खाली सही केली. सहा महिन्यांनी नोकरी कायम झाली.

सेक्रेटरींवरचा राग मला समजतो, तो सरळ आहे. पण त्या एका शब्दाचा राग कुणावर काढू? अनवधानाने काहीही घडलं नव्हतं. ते पोतं मी भरदुपारी, पूर्ण भानावर असताना, मुलींच्या डोळ्यांदेखत ओढलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत तेवढं भान मला पुन्हा कधी आलं नाही.