आठ वजीर, एक आकडा

सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं. राहुरीजवळच्या एका शेती संशोधन केंद्रात मी आकडेमोडीच्या कामाला होते. तिथे एक परदेशी गणनयंत्र आलं. टाइपरायटरहून थोडं मोठं, हिरवे आकडे दाखवणारं. ओळीने हुकूम शिकवून ठेवले की ते आपोआप हिशेब करी. पण त्याची स्मरणशक्ती फार तोकडी होती. हुकूम वाढले की आकडे ठेवायला जागाच उरत नसे.

ते यंत्र मला शिकवलं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने. "बाईमाणसाच्या हाती इतकं महागाचं यंत्र?" असं कुणी म्हणालं, तेव्हा तोच माझ्या बाजूने भांडला होता. डबा खाऊन झाला की आम्ही त्या यंत्रावर कोडी सोडवायचो. कामाशी काही संबंध नाही, निव्वळ नाद.

एकदा त्याने बुद्धिबळाचं कोडं काढलं. पटावर आठ वजीर असे मांडायचे, की कुणी कुणाला मारू शकणार नाही.

"यंत्राला हे झेपायचं नाही," तो म्हणाला. "आठ वजिरांना आठ जागा लागतील. मग हुकूम कुठे ठेवायचे?"

बरेच दिवस ते डोक्यात घोळत राहिलं. मग एका दुपारी मी त्याला म्हटलं, "आठ जागा कशाला? एकाच आकड्यात बसवू सगळ्यांना. एसटीच्या बाकावर दाटीवाटीने बसतात तसं. पहिल्या रांगेतला वजीर कितव्या घरात आहे ते पहिला अंक सांगेल, दुसऱ्या रांगेतला दुसरा."

हुकूम मीच लिहिले. यंत्र कितीतरी वेळ चालत राहिलं आणि थांबलं तेव्हा समोर आकडा होता, १५८६३७२४. आम्ही पटावर सोंगट्या मांडून पाहिल्या. बरोबर! त्याने आनंदाने टेबलावर थाप मारली.

पुढे पुण्याहून मोठे साहेब यंत्र बघायला आले. सहकाऱ्याने त्यांना ते वजिरांचं कोडंच चालवून दाखवलं.

"इतक्या कमी जागेत कसं बसवलंत?" साहेबांनी विचारलं.

"साधं आहे सर. एसटीच्या बाकावर दाटीवाटीने बसतात ना, तसं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आता तो माझ्याकडे वळेल, असं वाटत होतं. तो वळला, पण म्हणाला, "या बाईंनी बटणं दाबायला मदत केली."

चहा घेऊन आलेला शिपाई त्याच्याकडे बघत मला कौतुकाने म्हणाला, "लई डोकं हाय बगा त्यांना!"

साहेबांनी अशा यंत्रांच्या मुंबईतल्या प्रशिक्षणासाठी त्याचीच निवड केली. निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमचं लग्न ठरतंय," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "तुम्हाला त्याचा काय उपयोग होता?"

दिवाळीच्या सुमारास तो केंद्रात येऊन भेटला. काहीच घडलं नसल्यासारखा समोर बसला आणि मुंबईत अडलेलं एक कोडं सांगू लागला. त्याचं बोलणं संपायच्या आतच मला वाट दिसली होती.

"सुचतंय काही?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि पावसाच्या नोंदी पुढे ओढल्या. तो गेल्यावर ते कोडं मी एकटीने यंत्रावर सोडवलं. उत्तर बरोबर आलं. टेबलावर थाप मारायला मात्र कुणी नव्हतं, आणि ते जाणवलं याचाही मला रागच आला.